खादाडीची सहल आणि एक रिकामा रकाना

संक्रांत झाली की आमच्या घरात "यंदा सुट्टीत कुठे?" हा प्रश्न निघतो आणि मग महिनाभर त्यावर नुसती चर्चासत्रं होतात. यंदा मी आधीच जाहीर करून टाकलं, की या वेळी काही बघायला जायचं नाही, खायला जायचं! किल्ले, देवळं वाटेत लागली तर नमस्कार करू, नाही लागली तर रडायचं नाही. वेंगुर्ला-मालवण पट्ट्यात पाच दिवस आणि त्यातलाच एक दिवस गोव्यात. आईचं माहेर तिथलंच, वेंगुर्ल्याजवळचं एक गाव. म्हणजे आईलाही आनंद होईल, असा माझा हिशोब.

लगेच एक्सेल उघडलं. (नवऱ्याचं म्हणणं, मी वरणाला फोडणीसुद्धा एक्सेलमध्ये देईन.) रकाने पाडले: दिवस, वेळ, काय खायचं, कुठे खायचं. आणि पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की खायला जायचं म्हणजे कॅलेंडर आपलं चालत नाही, झाडांचं आणि समुद्राचं चालतं.

आता बघा. मला ओल्या काजूंची उसळ हवी. ओले काजू खरे फेब्रुवारी-मार्चचे, एप्रिलच्या शेवटी मिळाले तर नशीब. मुलांना आंबे, फणस, करवंदं हवीत, म्हणजे मे. आमसुलाचं काम बघायचं तर रतांबे पिकायला हवेत, म्हणजे पुन्हा एप्रिल-मे. ती साल मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात वाळवायची, परत बुडवायची, असं बऱ्याचदा केल्यावर आमसूल काळंभोर होतं. त्यातला तो खारट रस म्हणजे आगळ, आणि सोलकढी खरी त्याचीच. मासे म्हणाल तर १ जूनपासून यांत्रिक बोटींना दोन महिने बंदी. माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. त्यामुळे मे संपायच्या आत परत फिरायला हवं.

नवऱ्याचा रस फक्त एका ओळीत होता. उर्राक! काजूची बोंडं चेचून त्यांचा रस काढतात, तो निथळून येतो तो निरो, तो गोड असतो आणि मुलांनीही प्यायला हरकत नाही. रस आंबवून पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केलं की उर्राक, आणि पुन्हा केलं की फेणी. फेणी वर्षभर मिळते, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. उर्राक मात्र सौम्य, टिकत नाही, हंगामातच प्यायची. लिंबू, सोडा, मीठ आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची, ही कृती नवऱ्याने इतक्या भक्तिभावाने सांगितली, की सत्यनारायणाचा प्रसाद वाटावा. एक अट मी घातली. प्यायची ती गोव्यातच. परवान्याशिवाय बाटली हद्दीपलीकडून आणायची नाही, नाक्यावर मुलांसमोर शोभा नको.

शेवटी सगळ्यांची तडजोड म्हणून एप्रिलचा शेवटचा आठवडा ठरला. काजू संपत आलेले, आंबा सुरू झालेला, बोटी समुद्रात, शाळेला सुट्टी. रेल्वेचं आरक्षण २०२४ च्या नोव्हेंबरपासून ६० दिवस आधीच उघडतं, ते धरून मोबाईलमध्ये गजर लावला. गाडी मांडवी. ठाण्याला बसायचं, कुडाळला उतरायचं, आणि मधल्या वेळात डब्यात जे जे येईल ते खायचं. एक्सेल भरलं: घावणे, आंबोळ्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं, कोंबडी-वडे, तिरफळ घातलेला बांगडा, तिसऱ्या... प्रिंट काढून आईच्या हातात दिला. म्हटलं, आता खूश होईल.

आईने चष्मा लावून कागद वरपासून खालपर्यंत वाचला, नीट घडी घालून टीपॉयवर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही जावा. माका नको."

मला वाटलं गुडघे. मग वाटलं प्रवास. खालचा बर्थ मिळेल, गाडी दारापर्यंत येईल, सगळं सांगून झालं. आई गप्प. रात्री भांडी लावता लावता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "आपल्याच गावात भाडा देवन रवाचा?"

मी ओट्याशी तशीच उभी राहिले.

मामा २०१३ मध्ये गेला. दोन वर्षांनी घर विकलं. यात कुणाचा दोष नाही, हे वाचणाऱ्या माझ्या मामेभावांनी मुळीच मनाला लावून घेऊ नये. मुंबईत नोकऱ्या, तिकडे गळकं छप्पर, कोण बघणार? पण त्यानंतर आई एकदाही गेली नाही आणि आम्ही एकदाही विचारलं नाही. दर मेअखेरीस कुणाच्या तरी हातून मामाची पेटी यायची. आमसुलं, आगळाची बाटली, तिरफळं, कुळथाची पिठी, फणसाची साठं. पेटी यायची थांबली तेव्हा आईने मुकाट्याने दुकानातून आमसुलं आणायला सुरुवात केली. सोलकढीचा रंग फिकट झाला, हे मीच तिला एकदा हसत हसत म्हणाले होते. आज आठवलं की स्वतःच्याच एक द्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी तो कागद पुन्हा पाहिला. माझी सगळी यादी म्हणजे आईच्याच स्वयंपाकाची यादी होती! जे पन्नास वर्षं ती ठाण्याच्या ओट्यावर करत आली, ते पैसे देऊन खायला मी तिलाच तिच्या गावी नेणार होते. वर ते आवडलं का, हेही विचारणार होते.

मग मी एकच प्रश्न विचारला. "आई, असं काय आहे जे हॉटेलात मिळायचं नाही?"

बराच वेळ गेला. "शिरवाळे," ती म्हणाली. "घालूक दोघा लागतत."

तांदळाच्या उकडीचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे, वर आले की गरम असतानाच साच्यात घालून दाबायचे. एकाने जोर लावायचा, दुसऱ्याने खाली ताट फिरवायचं. सोबत नारळाच्या दुधाचा गुळाचा रस, वेलची घालून. आजी दाबायची, आई ताट धरायची. लग्नानंतर इथे ताट धरायला कुणी नव्हतं. मी होते की, पण मला कधी बोलावलं नाही आणि मीही कधी गेले नाही. आता तिच्या हाताला कंप आहे, ७६ पूर्ण झाली. म्हणजे दाबणार मी, आणि ताट धरणार ती.

म्हणून बेत बदलला. हॉटेल रद्द. शेजारच्या गावात स्वयंपाकघरासकट एक घर मिळालं. मालकीणबाईंना फोनवर विचारलं, शिरवाळ्यांचा साचा आहे का? त्या हसल्या, म्हणाल्या, माळ्यावर आहे, काढून घासून ठेवते. बांगडे सकाळी बाजारातून आणायचे, उसळ आईने सांगायची, मी करायची. उर्राकची ओळ तशीच ठेवली आहे, नवऱ्यावरही अन्याय नको.

आईने अजून "येते" असं म्हटलेलं नाही. पण काल संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "गूळ हयसून नेवया. नारळ मात्र थंयचोच घे." मी निमूटपणे दोन ओळी वाढवल्या.

तिसऱ्या दिवसाची सकाळ मात्र रिकामी ठेवली आहे. त्या घरावरून जायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल. तोपर्यंत तो रकाना मी भरणार नाही.