पुढच्या वर्षी पाहू

बँड म्हटला की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर वरातीपुढे चालणारा, झगमगीत डगले घातलेला वाद्यमेळ उभा राहतो. तीन-चार मुलांनी गिटार आणि ड्रम जमवून घराच्या मागल्या खोलीत काढलेला ‘रॉक बँड’ आमच्या ओळखीचा झाला तो फार उशिरा, आणि तोही मुलांमुळेच. असल्या बँडाचे आयुष्य अल्प असते, हेही तेव्हाच कळले. दहावी-बारावीची परीक्षा येते, कोणी शिक्षणासाठी परगावी जातो, दोघांचे कशावरून तरी बिनसते, आणि बँड मोडतो. त्यात शोक करण्याजोगे काही नाही. प्राजक्त पहाटे फुले ढाळतो म्हणून त्याला कोणी दोष देत नाही.

परंतु गळणे निराळे आणि खुडणे निराळे. हा भेद आम्हांला श्रीनगरच्या तीन मुलींमुळे उमगला.

२०१२ साली दहावीच्या वर्गातील या तिघींनी मिळून एक बँड काढला. एक गाई आणि गिटार वाजवी, दुसरी बेस गिटार व तिसरी ड्रम. नाव ठेवले ‘प्रगाश’. काश्मिरी भाषेत प्रगाश म्हणजे उजेड. आपल्या ‘प्रकाशा’शी असलेले त्याचे नाते सांगावयास कोश उघडावा लागत नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात श्रीनगरमध्ये बँडांची स्पर्धा झाली. केवळ मुलींचा असा बँड तेथे नवलाचाच होता. त्या गायल्या, त्यांनी वाजवले, आणि पारितोषिक घेऊन त्या घरी परतल्या. कथा येथेच थांबती, तर शाळकरी वयातील एक पराक्रम म्हणून तिघींनी ती पुढे आपल्या मुलांना सांगितली असती.

पण लवकरच इंटरनेटवरून शिव्याशाप आणि धमक्या सुरू झाल्या. तेव्हाचे मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी उघडपणे मुलींची बाजू घेतली. पोलिसांनी गुन्हा नोंदवून काहींना अटकही केली. मात्र फेब्रुवारी २०१३ च्या आरंभी तेथील मुख्य मुफ्तींनी असे गाणे धर्माला संमत नसल्याचा निर्वाळा दिला, आणि एक-दोन दिवसांतच बँड मोडल्याची वार्ता आली. रंगमंचावरील पहिल्या पावलापासून शेवटापर्यंत जेमतेम दोन महिने गेले होते.

ज्या भूमीत हे घडले, तिला स्त्रीचा स्वर अपरिचित होता असे मुळीच नाही. चौदाव्या शतकातील लल्लेश्वरीची वचने तेथे हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही मुखी आहेत. हब्बा खातूनची विरहगीते सोळाव्या शतकापासून गाइली जातात. राज बेगम यांचा आवाज तर श्रीनगरच्या नभोवाणीने घरोघरी पोचवला. २००२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. परंपरा होती, तिघींच्या मदतीला मात्र ती वेळेवर आली नाही.

ती बातमी वाचून आम्ही फार संतापलो. सायंकाळच्या आरतीनंतर देवळाच्या ओट्यावर चर्चा रंगली, आणि ‘आपल्याकडे असे कधी होणार नाही’ हे वाक्य आम्हीच सर्वांत मोठ्याने उच्चारले. शेजारी एक वृद्ध शिक्षिका वाती वळत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी विचारले, “आनी आमचीं तीं भुरगीं खंय आसात?”

आम्ही गप्प झालो. दोन वर्षांपूर्वी गावातील दोन मुलगे आणि दोन मुली देवस्थान समितीकडे आल्या होत्या. त्यांनी काही अभंगांना आपल्या चाली लावल्या होत्या. उत्सवात सभामंडपात गाण्यासाठी अर्धा तास हवा होता. गिटारीचे नाव निघताच काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. ड्रम ऐकून तर एकाने ‘देवासमोर हा गोंगाट?’ असे विचारले. त्याच रात्री त्याच मंडपात घुमट, शामेळ आणि कांसाळ्यांच्या गजरात आरती झाली, तेव्हा कळसावरची पारवी उडून गेली होती. पण हा विचार तेव्हा कोणाला सुचला नाही. आम्ही समितीच्या औपचारिक मराठीत उत्तर दिले : ‘पुढच्या वर्षी पाहू.’ गिटार घेऊन आलेली मुलगी “बरें, काका” म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली. पुढच्या वर्षी कोणी आले नाही. आम्हीही विचारले नाही.

आम्ही नकार दिला नव्हता, धमकी तर नव्हतीच. तरीही जो परिणाम तेथे निर्वाळ्याने झाला, तो येथे तीन सौम्य शब्दांनी झाला. त्यासाठी कोणाला रागवावेही लागले नाही.

आणि मंडप तरी कोणता? गोमंतकातील अशाच सभामंडपांतून एके काळी कलावंत स्त्रिया गात. त्यांच्या तानेला आपल्या पूर्वजांनी मान डोलावली, पण त्या बाईला पंक्तीत मानाची जागा दिली नाही. १८९२ साली केरीस जन्मलेल्या केसरबाई केरकर याच समाजातल्या. १९७७ साली व्हॉयेजर याने अंतराळात झेपावली, तेव्हा त्यांवरील सुवर्ण तबकडीत भारतीय संगीत म्हणून एकच गाणे होते, ते केसरबाईंच्या भैरवीचे. ज्या स्वराला गावात सन्मानाने बसावयास पाट मिळत नव्हता, तो ताऱ्यांमधल्या अवकाशात गेला.

आमच्या गावची ती चौघे कशी गात होती, हे आम्हांला ठाऊक नाही. कदाचित बेसूर गात असतील. कदाचित तो बँड सहा महिन्यांत आपोआप मोडला असता. पण तसे मोडण्याचा हक्क त्यांचा होता. त्यांना ऐकण्याचे कर्तव्य आमचे होते, ते मात्र आमच्याकडून राहून गेले. गिटार घेऊन आलेली मुलगी आता संसारात आहे. वाटेत भेटते, प्रकृतीची चौकशी करते. गिटारीचे काय झाले, हे विचारण्याचा धीर आम्हांला अजून झालेला नाही.

यंदाच्या सभेत आम्ही एक सूचना मांडली. उत्सवाच्या दुसऱ्या रात्री आरतीपूर्वीचा अर्धा तास गावातील मुलांसाठी राखून ठेवावा. वाद्य कोणते, ते त्यांनीच ठरवावे. थोडी कुरकुर झाली, पण सूचना संमत झाली. अद्याप कोणी नाव दिलेले नाही. कार्यक्रमपत्रिका छापावयास जाईल तेव्हा ती ओळ कोरी ठेवावी, असे आम्ही छापखान्याला कळवले आहे.