दुसरा पैसा

श्रद्धा आणि सबुरी ही शब्दांची जोडी आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, इतक्या ठिकाणी लिहिलेली आढळते की डोळ्यांस ती दिसेनाशीच झाली आहे. मालमोटारीच्या कपाळावर, रसवंतीच्या फळीवर, वाण्याच्या गल्ल्यामागे आणि डॉक्टरांच्या दारी ताटकळणाऱ्या मंडळींच्या समोरच्या भिंतीवर ती सारखीच शोभते. उसाच्या दोन गाड्या ओढणारा ट्रॅक्टर अरुंद रस्ता अडवून डुलत चालला असता त्याच्या पाठीवरील हे शब्द वाचण्याचा योग आमच्याकडे प्रत्येक वाहनचालकास येतो. त्या वेळी तो त्यांचा उच्चार कोणत्या विशेषणांसह करतो, हे येथे लिहिण्याजोगे नाही.

या जोडीतील पहिला शब्द जो तो आपल्याकडे घेतो आणि दुसरा शेजाऱ्यास देतो, असे आमचे पाहणे आहे. आपली श्रद्धा थोडी आहे असे म्हणणारा मनुष्य विरळा. परंतु सबुरी ही बहुधा दुसऱ्यास कमी पडत असते, आणि ती त्याला पुरविण्याचे काम आपल्याकडे आलेले असते. आम्हीही हे काम पुष्कळ वर्षे केले. प्रस्तुत लेखाचे कारण तेच आहे. परंतु त्याकडे वळण्यापूर्वी या शब्दाची थोडी विचारपूस करावीशी वाटते.

शब्द मूळचा अरबी. ‘सब्र’ याचा धात्वर्थ रोखून धरणे, बांधून ठेवणे असा कोशकार देतात. त्याच तीन व्यंजनांचा एक शब्द त्या भाषेत कोरफडीच्या कडू रसालाही आहे. हा रस आटवून वाळविला म्हणजे आमच्या काष्ठौषधींच्या दुकानांत तो काळा बोळ या नावाने मिळतो. ज्यांनी लहानपणी तो चाखला असेल त्यांना या शेजाराविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. ‘सबूर’ हे याच धातूचे विशेषण, अर्थ अतिशय सहनशील. आणि इस्लामी परंपरेत ईश्वराची जी नव्याण्णव नावे मोजतात त्यांच्या प्रचलित यादीत हे अगदी शेवटचे. फारसीने त्यास ‘ई’ जोडून भाववाचक नाम केले आणि दरबारी कागदांच्या संगतीने ते मराठीत आले.

पण मराठीत येताच त्या विशेषणाची मोठी गंमत झाली. ते विशेषण राहिलेच नाही. ऐतिहासिक नाटकांत तलवार उपसलेल्या वीरासमोर हात आडवा करून कोणी तरी ‘सबूर!’ म्हणून गरजतो, आणि प्रेक्षकांतील लहान मूलही त्याचा अर्थ ‘थांब’ असा बिनचूक घेते. जे एके ठिकाणी परमेश्वराच्या गुणाचे नाव होते, ते दुसरीकडे समोरच्या माणसास करावयाचा हुकूम झाले. भाषेने यात काही अपराध केला असे नाही. बोलणाऱ्यांना जसा उपयोग हवा होता तसा तिने करून दिला.

आमच्या घरच्या शब्दांची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. धीर धरतात, धीर सुटतो, खचतो आणि मुख्य म्हणजे धीर देताही येतो. एकाजवळचा धीर दुसऱ्यास उपयोगी पडतो, असे या भाषेचे मत दिसते. दम मात्र धरला तर सहनशीलता आणि दुसऱ्याला दिला तर धमकी. सोशिकपणा तर देण्याघेण्याच्या व्यवहारातच येत नाही. तो ज्याच्या त्याच्या अंगी मुरतो, आणि सोशिक हे विशेषण आमच्या समाजाने बहुतांशी स्त्रियांसाठी राखून ठेवले आहे. सोशिक पुरुषाचे कौतुक झालेले आम्ही फारसे ऐकले नाही. त्याला आम्ही गरीब स्वभावाचा म्हणतो, आणि त्यात कौतुकापेक्षा कीवच अधिक असते.

एवढी घरची संपत्ती असताना हा परका शब्द या जिल्ह्याचा कसा झाला, याचे आम्हांस नवल वाटे. कारण याच जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी नेवासे येथे, शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, आणि गीतेच्या तेराव्या अध्यायातील क्षांती व सोळाव्यातील क्षमा आणि धृती या शब्दांचा मराठीतील विस्तार तेथेच झाला. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी ग्रंथ सांगितला असे परंपरा मानते, तो खांब आजही तेथील मंदिरात उभा आहे. क्षांती, धृती हे शब्द आदराने पोथीत राहिले. ‘सबुरी’ हा शब्द मात्र शिर्डीच्या एका पडक्या मशिदीत बसणाऱ्या फकिराच्या तोंडून निघाला आणि बैलगाडीवर चढला.

साईबाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीच्या दिवशी देह ठेवला. गोविंद रघुनाथ दाभोळकर, जे हेमाडपंत या नावाने ओळखले जातात, त्यांनी ‘श्रीसाईसच्चरित’ हा ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. त्यात या शब्दाची कथा आली आहे. राधाबाई देशमुख नावाची एक वृद्ध स्त्री संगमनेरच्या मंडळींबरोबर शिर्डीस आली. बाबांनी आपणास गुरुमंत्र द्यावा, नाही तर प्राण ठेवणार नाही, असा निर्धार करून तिने अन्नपाणी सोडले. तीन दिवस गेले. माधवराव देशपांडे यांस राहवेना, त्यांनी बाबांकडे रदबदली केली, तेव्हा बाबांनी म्हातारीस बोलावून घेतले. तिला त्यांनी आई म्हणून हाक मारली आणि आपल्या गुरूची गोष्ट सांगितली. गुरूची सेवा केली, पण त्याने कानात मंत्र म्हणून फुंकला नाही. दक्षिणा मात्र मागितली ती दोन पैसे. हे पैसे टांकसाळीचे नव्हते. एक होता निष्ठा आणि दुसरा सबुरी.

भक्तिमार्गाचा अर्थ सांगण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. तथापि एक सामान्य वाचक म्हणून आम्ही या कथेपाशी पुष्कळदा थांबलो आहो. जी बाई तीन दिवस उपाशी राहते, मरण्यासही तयार होते, तिच्यापाशी सहनशक्ती कमी होती असे कोण म्हणेल? सोसण्यात ती कोणास हार गेली नसती. असे असता तिला सबुरी सांगावी लागली, यावरून सोसणे वेगळे आणि सबुरी वेगळी हे उघड होते. उपास करून बसणे हा तिचा उतावीळपणाच होता. त्याला फक्त तपाचा वेष होता. आमची म्हण सांगते की शिजेपर्यंत दम निघतो, पण निवेपर्यंत निघत नाही. चूल पेटवून धूर सोसण्यास मनुष्य तयार असतो. पान वाढून समोर आले म्हणजे त्याची जीभ पोळते.

कथेतील आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानात उशिरा आली. बाबांनी जाता जाता ‘सबूर’ म्हणून त्या म्हातारीची बोळवण केली नाही. तिला जवळ बसविले, स्वतःची लांबलचक गोष्ट सांगितली, आणि ज्या दोन पैशांची गोष्ट सांगितली ते त्यांनी स्वतः आधी भरलेले होते. त्यांच्या गुरूनेही शिष्यास दूर ठेवून वाट पाहावयास लाविले नव्हते. कासवी जशी पिल्लांवर नुसती दृष्टी ठेवून त्यांस वाढविते, तशी त्याची नजर आपल्यावर होती, असे बाबा सांगतात.

ज्यांच्या मातृभाषेतच ‘सब्र’ हा शब्द होता असे एक थोर पुरुष आमच्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात राहून गेले. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीतील मंडळी तेथे आणून ठेवण्यात आली. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ साली तेथेच लिहिले. मौलाना आझाद त्याच किल्ल्यात पत्रे लिहीत. ती धाडता येत नसत, म्हणून जपून ठेवीत; पुढे १९४६ मध्ये ती ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने प्रसिद्ध झाली. १९४३ च्या आरंभी त्यांची पत्नी कलकत्त्यास अत्यवस्थ होती. सरकारला काही विनंती करावयाची असल्यास ती तत्काळ पोचविण्याची तयारी तुरुंगाच्या अधिकाऱ्याने दाखविली, पण आझादांनी नकार दिला. दुपारी वर्तमानपत्र येई. ते घेऊन येणाऱ्याची पावले वाजताच छाती धडधडे, आणि तरीही मान वर न करता, जणू काही घाई नाही अशा रीतीने, कागद मेजावर ठेवण्याची खूण करून ते लिहीत राहत. एप्रिलमध्ये पत्नी वारली. त्यानंतरच्या पत्रात त्यांनी हे सारे लिहिले आहे, आणि ती शांतता हे एक सोंग होते, मनाचा अहंकार ते वठवीत होता, असेही स्वच्छ सांगितले आहे. किल्ल्याच्या खंदकावरून जाताना आम्हांस नेहरूंच्या पुस्तकापेक्षा त्या मेजावरील न उघडलेल्या वर्तमानपत्राची अधिक आठवण येते. दुसऱ्याने न सांगता, स्वतःवर घातलेल्या सबुरीची काय किंमत पडते, याचा एवढा प्रामाणिक हिशेब आमच्या वाचनात दुसरा नाही.

आता आमचा हिशेब.

आमच्या एक आत्या आहेत. तरुणपणीच वैधव्य आल्यावर त्या आमच्या घरी राहावयास आल्या. सासरची चार एकर काळी जमीन नेवासे तालुक्यात, पाटाच्या अगदी टोकाला, जेथे पाणी आले तर आले. जमीन त्यांच्या यजमानांच्या आणि दिरांच्या नावे सामाईक. दीरही पुण्यास वारले, त्यांना मूलबाळ नव्हते. तेव्हा सातबाऱ्यावर आपले नाव लागावे आणि एक विहीर पाडावी, एवढी आत्यांची इच्छा होती. नाव नसेल तर कर्ज मिळत नाही, आणि कर्ज नसेल तर विहीर होत नाही. २००९ साली आम्ही त्यांच्या वतीने अर्ज केला, आणि एक सत्कृत्य केल्याच्या समाधानात घरी आलो.

त्यानंतर दर वर्षी मृग लागला की आत्या विचारीत, “काय रे, आपल्या कागदाचं काही कळलं का?” आणि आम्ही वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणत असू, “आत्या, सरकारी काम आहे. सबुरी हवी.” हे वाक्य उच्चारताना आम्हांस एक प्रकारचे प्रौढ, अनुभवी वाटत असे, हेही कबूल केले पाहिजे. आत्या गप्प बसत. त्या सोशिक आहेत असे आम्ही पाहुण्यांस कौतुकाने सांगत असू. जमीन शेजारचा एक वाटेकरी करी आणि वर्षाकाठी ज्वारीची तीन-चार पोती घरी पोचवी. अशी अकरा वर्षे गेली.

२०२० च्या टाळेबंदीत घरी बसल्या बसल्या आम्ही जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा चाळावयास घेतला. त्यात एक खाकी पाकीट निघाले. पाकीट उघडलेले नव्हते. दिरांच्या मृत्यूचा दाखला जोडलेला नाही, तो सादर करावा, एवढाच मजकूर. तारीख आमच्या अर्जानंतर अवघ्या दोन महिन्यांची. पोचपावतीवर सही आमचीच असणार, कारण घरात टपाल आम्हीच घेतो. अकरा वर्षे ज्या कचेरीला आम्ही बोल लाविला ती आमच्या उत्तराची वाट पाहत होती, आणि आत्या आमची.

ते पाकीट हातात घेऊन आम्ही आत्यांसमोर गेलो. त्यांनी मजकूर ऐकून घेतला. रागावतील, रडतील असे वाटले होते. तसे काही झाले नाही. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “वाफसा घरी बसून कळत नाही रे. पाऊस उघडला की रोज रानात जायचं, माती हातात घ्यायची. तेव्हा कळतं आज की उद्या. तू एकदा तरी जाऊन बघायचं होतंस.”

शहरात वाढलेल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. पाऊस पडला की लगेच पेरता येत नाही. चिखलात पाभर घातली तर माती दाबली जाते आणि बी कुजते. फार थांबावे तर ओल उडून जाते. या दोहोंमधील जी योग्य स्थिती तिला वाफसा म्हणतात. आमच्याकडील भारी काळ्या रानांत खरिपात काही न घेता ती नुसती कुळवून ठेवतात आणि परतीच्या पावसाची ओल धरून रब्बीची ज्वारी पेरतात. म्हणजे मृगापासून हस्तापर्यंत रान मोकळे दिसते. पण त्याचा मालक मोकळा नसतो. तण उगवले की कुळव, भेग पडू लागली की पुन्हा कुळव. या थांबण्याला आमच्या कोशांत प्रतिशब्द नाही. आम्ही तो ग्रंथांत शोधीत होतो, आणि तो आमच्याच माजघरात अकरा वर्षे बसला होता.

दाखला मिळविण्यास आम्हांस तीन आठवडे लागले आणि पुढील नोंद होण्यास काही महिने. सातबाऱ्याचा उतारा आत्यांनी देवापुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तो पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप लाविले. किल्ली आमच्याकडे दिली नाही. विहिरीचे त्यांनी पुन्हा काढले नाही. वय ब्याऐंशी झाले होते. आम्हीच काढले, तेव्हा म्हणाल्या, “आता पाणी लागेल तोवर मी कुठे असणार! पण पेरणीला मला ने.”

त्या वर्षी हस्ताचा पाऊस बरा झाला. उघडीप पडल्यावर आम्ही त्यांना घेऊन गेलो. बांधापाशी गाडी थांबली, वाटेकऱ्याने हात दिला, आणि आत्या चपला काढून रानात उतरल्या. वाकता येत नव्हते म्हणून त्याने मूठभर माती उचलून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती दाबली, तिचा गोळा केला आणि खाली सोडला. गोळा फुटला नाही. पायाशी तसाच पडून राहिला. तळहाताला लागलेली चिकण माती त्या बराच वेळ पुशीत होत्या.

“अजून दोन दिवस तरी,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हांस नगरास एक सभा होती. आम्ही बांधावरूनच दूरध्वनी करून येणार नाही म्हणून कळविले, आणि रात्री झोपण्यास वाटेकऱ्याच्या ओसरीवर जागा होईल का, ते विचारावयास गेलो.