सांगोल्याचा दगड आणि आपली माणसे

पंढरपूरहून मिरजेकडे जाणारी गाडी सांगोल्याजवळ येऊ लागली की खिडकीबाहेरची माती पातळ होत जाते. आधी काळी, मग तांबूस, मग नुसता मुरूम आणि त्यातून डोके वर काढलेला काळा खडक. आमच्या डब्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडं पाऊस चुकतो, दगूड चुकत न्हाई." सगळे हसले, आम्हीही हसलो. पण पुढचे दोन दिवस या तालुक्यात फिरताना हे वाक्य काही डोक्यातून गेले नाही.

हा मार्गसुद्धा दगडावरच उभा आहे. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी 1927 साली पंढरपूरहून मिरजेपर्यंत गेली. आता रूळ रुंद झाले, डबे मोठे झाले, पण रुळाखाली खडी लागतेच. ती कुणी फोडली, हे कुठल्याही स्टेशनावर लिहिलेले नसते.

सांगोल्याचे नाव शाळेच्या इतिहासात येते ते 1750 च्या करारामुळे. यमाजी शिवदेवाचे बंड मोडायला सदाशिवरावभाऊ फौज घेऊन येथे आले. छत्रपती रामराजांशी करार झाला आणि राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्याच्या पेशव्यांकडे गेला. ज्यांनी शिक्के उठवले त्यांची नावे आपण पाठ केली. कोटाचे दगड वाहणाऱ्यांची नावे कुठल्याच दप्तरात नाहीत. आणि पेशवाईच्या कारभारात आपल्या वाट्याला काय आले, हे या पानांच्या वाचकांना सांगायला नको.

शेजारच्या तालुक्यात मंगळवेढे आहे. तेथेही आम्ही जाऊन आलो, कारण दगडाची गोष्ट खरी तेथून सुरू होते. परंपरा सांगते की 1338 साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि कामावर लावलेले महार मजूर त्याखाली गाडले गेले. त्यांत संत चोखामेळा होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या. समाधी महाद्वारासमोर आहे, म्हणजे देवळाच्या बाहेरच. चोखोबांच्या भक्तीविषयी आपल्यात मतभेद आहेत आणि ते असायला हरकत नाही. पण भिंतीखाली मेलेला मजूर म्हणून त्यांच्याकडे पाहिले की मतभेद उरत नाहीत. बाबासाहेबांनी 1948 साली प्रसिद्ध झालेला अस्पृश्यांविषयीचा आपला इंग्रजी ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, ते उगीच नव्हे. त्या भिंतीखाली मेलेल्या बाकीच्यांची नावे मात्र कुणालाच ठाऊक नाहीत.

सांगोल्याच्या एका गावातल्या बौद्ध वस्तीत आम्ही दुपारी पोचलो. विहाराच्या सावलीत चार-पाच आज्या बसल्या होत्या. 1972 च्या दुष्काळाचा विषय काढताच एकीने दोन्ही हात पुढे केले. उजव्या हाताचे पहिले बोट वाकडे होते. "हातोडी चुकली की बोटावर," ती म्हणाली. "चिंध्या बांधायचो बोटांस्नी. ठिकरी उडून डोळ्यात जायची, रडत रडत फोडायचो. पोरगं मागं लिंबाखाली झोळीत."

तिने कामाची सगळी रीत सांगितली. वडार समाजाची माणसे आधी खडक फोडून देत. पहारीने भोके पाडून, पोलादी पाचर ठोकून, सुतकीचे घाव घालत असा धोंडा उकलायचा. कुठे सुरुंग. मग धोंडे या बायांपुढे येत. मोठी खडी वेगळी, बारीक वेगळी. संध्याकाळी मुकादम लाकडी फरा घेऊन येई आणि ढीग मोजी. ब्रासावर मजुरी. ढिगाखाली उंचवटा ठेवून ढीग मोठा दाखवायची युक्ती बाया करीत, आणि मुकादम पाय देऊन ढीग दाबून बघे. हे सांगताना सगळ्या आज्या खळखळून हसल्या. सुकडी मिळे, ती घरी आणून पोरांना. वडार बाया आणि आपल्या बाया एकाच माळावर बसत. पाण्याचा डेरा मात्र, तिने सांगितले, इतर जातीच्या बाया वेगळा ठेवीत. दुष्काळ सगळ्यांना सारखा होता, तहान सारखी नव्हती.

1973 च्या मे महिन्यात राज्यभरात जवळपास 50 लाख माणसे अशा दुष्काळी कामांवर होती. त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा आला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना आधी तासगाव तालुक्यात 1965 साली करून पाहिली होती. कायदा 1977 साली झाला, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. देशाचा कायदा 2005 साली त्याच वाटेने आला. राज्यकर्त्यांची वाहवा आपण ऐकतो. पण काम मागायचा हक्क कायद्यात यायच्या आधी या माळांवर बायांच्या बोटांतून आला, असे आमचे मत आहे.

"हजेरी कुणाच्या नावाची?" आम्ही विचारले.

"मालकाच्या. माझं नाव कुटं? मी त्येंची बायकू."

याच तालुक्यातल्या महूद येथे 1923 साली शांताबाई कांबळे जन्मल्या. 1942 साली त्या सोलापूर लोकल बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या आणि पुढे जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी. 'माज्या जल्माची चित्तरकथा' हे त्यांचे आत्मकथन 1986 साली पुस्तकरूपाने आले. दलित स्त्रीने लिहिलेले ते पहिले आत्मकथन मानले जाते, आणि त्यावरची 'नाजुका' ही मालिका 1990 साली दूरदर्शनवर घरोघरी पाहिली गेली. 2023 साली त्या गेल्या. शेजारच्या आटपाडीचे शंकरराव खरात यांचे 'तराळ-अंतराळ' त्याआधी, 1981 साली आले होते. पाऊस न पडणाऱ्या या मुलखाने आपल्याला एवढी पुस्तके दिली याचे आम्हाला राहून राहून नवल वाटते. विहारातल्या आज्यांपैकी कुणी ती वाचलेली नाहीत. नाजुका मात्र सगळ्यांना आठवत होती.

आता तालुका बदलतो आहे. गणपतराव देशमुख येथून 11 वेळा आमदार झाले, सूतगिरणी उभी राहिली. मुरमात खड्डे घेऊन लावलेल्या डाळिंबाने नाव मिळवले. देशातली शंभरावी किसान रेल्वे 28 डिसेंबर 2020 रोजी सांगोल्याहूनच बंगालला सुटली. पुढे खोडकिड्याने कितीतरी बागा उपटाव्या लागल्या, ते दुःख वेगळे. रत्नागिरी-नागपूर महामार्ग रुंद झाला. त्याला लागणारी खडी आता यंत्र फोडते. अशा एका क्रशरजवळ आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. पांढऱ्या धुळीत तोंडाला रुमाल बांधलेले मजूर, बरेचसे परप्रांतीय. एकाला गाव विचारले, पण यंत्राच्या आवाजात त्याला ऐकू आले नाही.

1972 ची खडी कुठल्या रस्त्याला गेली, ते पाहायचे म्हणून आजी नातीला घेऊन आमच्याबरोबर फाट्यापर्यंत आली. तेथे चौपदरी डांबर होते, दुभाजकात कण्हेर होती. "ह्याच्याच खाली आसंल," ती म्हणाली आणि चप्पल काढून पायाने जरा चाचपून पाहिले. नात लाजली.

निघताना आम्ही वही काढून आजीचे नाव विचारले. तिने हात हलवला. "नाव नगं छापू. पर दगूड फोडल्याचं ल्ह्या." नात म्हणाली, "आज्जे, सांग की." आजीने तिच्या पाठीत हलकी चापटी मारली.

एवढ्यात मिरजेची एसटी आली.