२४ मीटरचा हट्ट

विकास आराखडा वीस वर्षांसाठी करतात. त्यातली बागेची किंवा दवाखान्याची जागा चुकली तर पुढच्या फेरीत हलवता येते. रस्ता चुकला की त्याच्या दोन्ही अंगांना इमारती उभ्या राहतात आणि मग तो कुणाच्या बापाला हलत नाही. असा एक रस्ता माझ्या खात्यावर जमा आहे. कागदोपत्री नाही, तिथं समितीच्या आणि शासनाच्या सह्या आहेत. पण रेघ मी मारली होती आणि ती बदलू नये म्हणून भांडलोही मीच होतो.

गाव पुण्याच्या पश्चिमेचं. नाव सांगत नाही, कारण तिथल्या फ्लॅटधारकांना आधीच पुरेसे त्रास आहेत. हिंजवडीत आयटी कंपन्या येऊ लागल्या होत्या आणि आसपासच्या शेतांना एकाएकी ‘लोकेशन’ आलं होतं. ज्वारीच्या वावरात प्लॉटिंगचे दगड रोवले जात होते. या सगळ्याच्या पुढे एक पाऊल राहायचं, असं आम्ही तरुण नगररचनाकार मोठ्या आवेशानं म्हणायचो.

त्या काळी ड्रोन नव्हता, उपग्रह नकाशा सहज मिळत नव्हता. भूमी अभिलेखातून गावनकाशे आणायचे, ते शेजारी शेजारी जोडायचे. शिवेवर दोन गावांचे नकाशे कधीच जुळत नाहीत. कुठे मधे फट पडते, कुठे एकावर एक चढतात. त्यावर विद्यमान जमीनवापर रंगवायचा आणि मग ट्रेसिंगवर रस्ते. जुनी माणसं सांगायची की रस्ता शक्यतो सर्व्हे नंबरांच्या बांधावरून न्यावा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मालकांचं थोडं थोडं जातं आणि मागं उरलेली जमीन चौकोनी राहते. मला ते गावठी वाटलं. मी महामार्गाला जोडणारी २४ मीटरची सरळ तिरपी रेघ ओढली. सर्व्हे नंबर तिच्याखाली केकसारखे कापले गेले आणि दोन्ही बाजूंना त्रिकोणी तुकडे उरले. सरळ रेघेसाठी माझ्याकडे कारण होतं: वाहनांचा वेग. उपनगरातल्या रस्त्यावर वेग कशाला हवा, हे मी स्वतःला विचारलं नाही.

हरकती आल्या. एक म्हातारे शेतकरी सुनावणीला आले होते. अकरा गुंठे, त्यातले जवळजवळ सगळे रस्त्यात. ते ओरडले नाहीत, रडले नाहीत. नकाशावर बोट ठेवून म्हणाले, “सायेब, ही पाणंद हितनं जाते. बैलगाड्या, दुधाच्या गाड्या, समद्या हितनंच जात्यात. तुमी हिलाच रुंद का नाही करत?” मी म्हणालो, “आबा, ती वाकडी आहे. मोठ्या रस्त्याला असं वळण चालत नाही.” ते म्हणाले, “पर लोकं तर चालत्यात.”

मी त्यांच्या अर्जावर अभिप्राय लिहिला: तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. या लेखातलं जड वाक्य हेच आहे, कारण ते खोटं होतं. पाणंदीच्या वळणाची त्रिज्या मी मोजलीच नव्हती. मोजली असती तर उपनगरी रस्त्याला ती चालली असती. मला रेघ बदलायची नव्हती एवढंच, आणि ‘तांत्रिक’ म्हटलं की समितीत पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, हे तोवर मला कळलेलं होतं.

आराखडा मंजूर झाला. त्यानंतरची चूक जास्त महाग पडली. मी नकाशावरच्या रेघेला रस्ता समजू लागलो. आमच्याकडे समोरचा रस्ता जितका रुंद, तितकी इमारत उंच. चटई क्षेत्र आणि टीडीआर, म्हणजे विकता-घेता येणारा बांधकामाचा हक्क, किती चढवता येईल तेही त्यावरच ठरतं. बिल्डर प्रस्ताव आणायचे, त्यात ‘२४ मीटर डीपी रोड’ लिहिलेलं असायचं आणि मी त्या आधारावर शिफारस करायचो. नियमात बसत होतं. जागेवर मात्र बांधाला बांध आणि मधे एक विहीर होती.

जमीन ताब्यात घ्यायची तर पैसा लागतो. साधा हिशेब आहे: २४ मीटर रुंदीचा एक किलोमीटर म्हणजे २.४ हेक्टर, जवळपास सहा एकर. हा गुणाकार शाळकरी पोरगं करील. मी रस्ता आखताना तो केला नाही, कारण भूसंपादन हा ‘दुसऱ्या विभागाचा’ विषय होता. रोख मोबदल्याऐवजी टीडीआर द्यायचा, असं सगळे धरून चालले होते. मोठ्या जमीनमालकाला आणि बिल्डरला टीडीआर परवडतो. ते तो विकतात किंवा दुसरीकडे वापरतात. अकरा गुंठेवाल्याला तो एक दाखला असतो. तो विकायला दलाल गाठायचा, बाजारात त्या दिवशी भाव पडलेला असला तर पडल्या भावानं द्यायचा, आणि त्यातून पुन्हा जमीन घ्यायची तर ती तालुक्याच्या पार पलीकडे मिळणार.

त्यामुळे झालं असं की ज्यांना इमारती बांधायच्या होत्या त्यांनी आपापला तुकडा भराभर देऊन टाकला आणि ज्यांचं सगळंच जात होतं ते अडून बसले. रस्ता दोन्ही टोकांना झाला. डांबर, दिवे, दुभाजक, दुभाजकात बोगनवेल. मधला पट्टा तसाच. दोन हजारांच्या आसपास सदनिकांची रहदारी गावठाणाच्या गल्लीत शिरली, जिथं शाळा, मारुतीचं देऊळ आणि पिठाची गिरणी एका वळणावर आहेत. आराखडा मंजूर होऊन दहा वर्षं झाल्यावर एका मालकानं नगररचना कायद्याच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना बजावली. मुदतीत संपादन झालं नाही, आरक्षण गळून पडलं. आज तिथं टाइल्सचं गोदाम आहे, रीतसर परवानगीचं. त्याचं काही चुकलं, असं मला वाटत नाही.

दुसरा मार्ग नव्हता असं नाही. नगररचना योजना, म्हणजे टीपी स्कीम, आपल्याकडे १९१५ च्या मुंबई कायद्यापासून आहे. सगळ्यांची जमीन एकत्र धरायची, रस्त्यापुरता वाटा प्रत्येकाकडून सारखा घ्यायचा आणि उरलेली नीट चौकोनी करून परत द्यायची. वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले यांचे जुने भाग असेच आखले गेले. गुजरातनं ही रीत सोडली नाही. अहमदाबादभोवतीचा ७६ किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता याच मार्गानं मोकळा झाला. आम्ही ती पाठ्यपुस्तकात ठेवली. लवाद, अपील, वर्षानुवर्षं लागतात, असं मी बैठकीत म्हणालो होतो. वेळ वाचवायचा म्हणून जो मार्ग धरला त्याला दोन दशकं उलटून गेली आणि मधला पट्टा अजून शिल्लक आहे. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं पुण्याच्या हद्दीत आली, तेव्हा वर्तमानपत्रात नकाशे छापून आले. मी ते भिंग घेऊन पाहिले, तिरप्या रेघा शोधत.

रुंदीच्या नादात बारीक रस्ते राहून गेले, हे मला फार उशिरा दिसलं. माझ्या नकाशात २४ मीटर, १८ मीटर असे बलदंड रस्ते होते, पण दोन मोठ्या रस्त्यांच्या मधे पुष्कळदा अर्धा किलोमीटर काहीच नव्हतं. ते सोसायट्यांचे आराखडे भरून काढतील, असा माझा समज. सोसायट्यांनी भिंती बांधल्या. समोर दिसणाऱ्या शाळेत पोराला सोडायला मुख्य रस्त्याला वळसा, मग तिथली कोंडी, मग कोंडी होते म्हणून रस्ता आणखी रुंद करायची मागणी. आम्ही वाहनं मोजायचो तेव्हा दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, फार तर पाऊण, असा हिशेब होता. पायी जाणाऱ्या माणसाला आमच्या तक्त्यात रकानाच नव्हता. शंभर-दीडशे मीटरवर नऊ मीटरची एक गल्ली आरपार ठेवली असती तर माझ्या त्या मोठ्या रस्त्यावरचं निम्मं ओझं तिथंच मुरलं असतं, असं आता वाटतं. आकडा काढून दाखवता येणार नाही. पण पेठांमधून चालणाऱ्या कुणालाही ते पटेल.

ओढ्याचंही सांगायला हवं. गावनकाशात तो बारीक रेघेचा होता. मी उन्हाळ्यात पाहिला तेव्हा कोरडा, म्हशी बसलेल्या. रस्त्याखालून ह्यूम पाइप टाकून भागेल, या अभिप्रायाला मी मान डोलावली. वरच्या अंगाला टेकडी आहे आणि तिच्यावर काँक्रीट झालं की तेच पाणी पूर्वीपेक्षा लवकर आणि एकदम खाली येतं, हा विचार माझ्या कामाचा नव्हता म्हणे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं शहरात माणसं नेली. तो भाग माझा नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी मी त्या पायपांपाशी जाऊन उभा राहिलो होतो. निम्मे गाळानं आणि पिशव्यांनी बुजलेले. नव्या रस्त्यावर डांबर पडल्यावर पाण्याची लाइन टाकायला तोच रस्ता खणला, वगैरे गोष्टी सगळ्यांच्या पाहण्यातल्या आहेत. त्या सांगत बसत नाही.

गेल्या वर्षी आराखड्याच्या फेरतपासणीसाठी काही निवृत्त मंडळींना बोलावलं होतं. तिथल्या मुलीनं संगणकावर पर्याय दाखवला: गोदाम तसंच ठेवून रस्ता वळवायचा आणि पाणंदीला मिळवायचा. वळणाची त्रिज्या तिनं मोजून आणली होती. बसते. अडचण एवढीच की मधल्या काळात पाणंद दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांनी खाल्ली आहे, आणि त्यातल्या एका लेआउटवर शिफारस माझी आहे. आज जेमतेम सहा मीटर मोकळी उरली आहे. दोन भिंती मागं घेतल्या तर नऊ होतील. बस जाणार नाही. मोटारी एकेरी जातील. शाळेपर्यंत चालत मात्र पोचता येईल.