टूल नंतर, आधी शिसपेन

तुमच्या घरात कुणी वेबसाइट किंवा अ‍ॅप बनवायला निघालं असेल, तर पहिला प्रश्न ठरलेला: डिझाइन कशात करू? मी वडोदऱ्यात हेच काम करते, त्यामुळे हा प्रश्न मला लग्नकार्यातही गाठतो. माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. कारण मी आधी कोरा कागद आणि शिसपेन घ्यायला सांगते.

माझी मावशी दिवाळीचा फराळ विकते. वर्षाची निम्मी कमाई त्या तीन आठवड्यांत होते, म्हणजे ऑर्डर घेण्यात गोंधळ होऊन चालत नाही. तिच्या अ‍ॅपच्या सहा स्क्रीन मी वहीच्या पानांवर काढल्या आणि म्हटलं, "मावशी, तूच गिऱ्हाईक हो आणि ऑर्डर दे बघू." ती बोटाने चौकटी दाबायची, मी पान बदलायचे. तिसऱ्या पानावर तिने माझ्या हातातली शिसपेनच काढून घेतली.

"अगं, चकली किलोवर जाते, पण करंज्या नगावर. आणि पत्ता मागाहून विचार, आधी तारीख. त्या दिवशी मला जमणारच नसेल, तर पत्ता घेऊन काय करू?"

रंगीत, चकचकीत स्क्रीन दाखवली असती, तर "छान केलंयस हो" म्हणून ती गप्प बसली असती. तयार वस्तूला नावं ठेवायला माणसं संकोचतात, कच्च्या रेघेला नाही. बाल्समिक हे टूल तर मुद्दामच हाताने काढल्यासारखी चित्रं देतं.

चौकटी पक्क्या झाल्या, की मग फिग्मा. ते ब्राउझरमध्ये चालतं, सुरुवातीला फुकट असतं आणि लिंक पाठवली की समोरचा आपल्या फोनवर बटणं दाबून पाहू शकतो. स्केचही चांगलं, पण त्यात डिझाइन करायला मॅकच लागतो. सगळं आपल्या ताब्यात हवं असेल तर पेनपॉट बघा. ते मुक्तस्रोत आहे, स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येतं.

निवडताना एवढं मात्र तपासा, की आपलं काम तिथून बाहेर काढता येतं का? इनव्हिजन या धंद्यातलं केवढं मोठं नाव होतं! २०२४च्या अखेरीस त्यांची डिझाइनची सेवा बंद झाली. अडोबीनेही एक्सडीमध्ये नवी भर घालणं थांबवलंय. म्हणून दर आठवड्याला स्क्रीनची पीडीएफ काढून वेगळी ठेवा. आणि हो, वहीच्या पानांचे फोटोही.