भिंत कुणी बांधायची?

2019 च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शुक्रवार पेठेत शिरलं आणि आईच्या भाड्याच्या खोल्यांची मागची भिंत बसली. जुनी पांढऱ्या मातीची भिंत. पाणी ओसरल्यावर बघितलं तर चुलीपासच्या फळीवरचे डबे जागेवर होते आणि त्यांच्यामागं थेट शेजाऱ्यांचं परडं दिसत होतं.

या खोल्यांत आम्ही आजोबांपासून. 1947 च्या भाडे कायद्यानं भाडं गोठवलेलं. 31 मार्च 2000 ला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यानं सुरुवातीला 5 टक्के आणि पुढं दरसाल 4 टक्के वाढ घ्यायची मालकांना मुभा दिली. आमचे 50 रुपये असे वाढत 110 वर आले होते.

"एवढ्यात घरफाळा तरी भागतोय का, तुम्हीच सांगा," मालकीणवहिनी म्हणाल्या. खोटं नव्हतं ते. वाड्यात त्याही गळक्या छपराखालीच राहत होत्या.

वकिलांनी कलम 14 दाखवलं. दुरुस्ती मालकाची जबाबदारी. नोटीस देऊन पंधरा दिवसांत झाली नाही, तर भाडेकरूनं करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. पण वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. आमचं वर्षाचं भाडं 1320, चौथा हिस्सा 330 रुपये. एका गवंड्याची दिवसाची हजेरीही त्यात निघत नव्हती! आईला कुणी बाहेर काढू नये याची कायद्यानं पुरेपूर काळजी घेतली होती. ती राहणार त्या घराची भिंत कुठल्या पैशानं उभी राहायची, याचा विचार मात्र केलेला नव्हता. हे मला आजही अन्यायाचं वाटतं, आईच्या बाजूनं आणि वहिनींच्याही.

मी स्वतः राजारामपुरीत लिव्ह अँड लायसन्सवर राहते. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम 24 प्रमाणे दुप्पट रक्कम भरायची. तिथं मला कसलंच संरक्षण नाही. त्यामुळं आईच्या हक्काची किंमत मला चांगलीच ठाऊक होती.

वहिनींची खरी भीती वेगळीच होती. भाडेकरू वारला आणि सोबत राहणारं घरचं कुणी नसलं, तर भाडेहक्क वारसाकडं जाऊ शकतो. आज भिंतीवर पैसे घालायचे आणि उद्या मी दारात उभी! मी त्यांना सांगितलं, आईनंतर मी खोल्या मागणार नाही. वकिलांनी नको म्हटलं, तरी कागदावर लिहून दिलं. मग विटा-सिमेंट त्यांनी आणलं, मजुरी आम्ही दिली आणि दिवाळीआधी भिंत उभी राहिली.

आई मात्र चिडली. "माझ्या जित्तेपणी माझा हक्क तू कोण सोडणार?" म्हणाली. मी म्हटलं, तुझा नाही, माझा सोडलाय. ते तिला अजून पटलेलं नाही.