मुकी झालेली पेटी

घरात जे अत्यंत जपून ठेवलेले असते, त्याची आठवण घरच्या माणसांना क्वचितच होते. फडताळातील दागिना निदान सणासुदीला तरी बाहेर निघतो. परंतु खरेदीखत, जन्मपत्रिका, वडिलांच्या हातची जुनी पत्रे वर्षानुवर्षे अंधारातच पडून असतात. अलीकडे कित्येक घरांत या अंधाऱ्या कोपऱ्याची जागा एका लहानशा पेटीने घेतली आहे. तिला 'नॅस' असे म्हणतात. राउटरला तारेने जोडलेली ही पेटी घरातील सर्वांचे सारे काही पोटात घेते. मुलीचे लग्न, नातवाचे पहिले पाऊल, आजीच्या आवाजातील ओव्या, शेताचा सात-बारा असे सर्व तिच्या स्वाधीन असते. तिच्या तोंडावर एक हिरवा दिवा मिणमिणत असतो आणि तो आहे तोवर तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही.

एके दिवशी तो दिवा तांबडा होतो, किंवा मुळीच लागत नाही. मग घरात जी धांदल उडते, ती पाहण्यासारखी असते. गृहस्थ प्रथम पेटी बंद करून चालू करतात. तिने दाद दिली नाही, की पुन्हा तेच करतात. तिसऱ्यांदा तर वर एक थापही मारतात. रेडिओच्या काळी ही थाप कधीकधी लागू पडत असे. तेव्हापासून ती हातातून गेलेली नाही. इकडे शेजारचा हुशार मुलगा बजावून सांगतो, की 'फॉरमॅट' करा, पेटी नव्यासारखी चालेल. त्याचे म्हणणे खोटे नसते. पेटी खरोखरच नव्यासारखी होते, म्हणजे नव्या पेटीइतकीच रिकामी!

वस्तुतः अशा वेळी संशय बाहेरून आत न्यावा. भिंतीतील वीज येते काय, अडॅप्टर जळाला आहे काय, तार निखळली आहे काय, राउटरने पेटीला नवा पत्ता देऊन घरच्यांची चुकामूक केली आहे काय? मेली म्हणून टाकून दिलेल्या पेटीचा केवळ अडॅप्टर गेलेला असतो, असेही घडते. परंतु आतून टक् टक् असा ठरावीक आवाज येत असेल, तर मात्र वीज तत्काळ तोडावी आणि हात मागे घ्यावा.

याचे कारण हार्डडिस्कच्या रचनेत आहे. तिच्यात आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरत असतात. त्यांवरील खुणा वाचणारे इवलेसे टोक तबकडीला कधी स्पर्श करीत नाही. ते काही नॅनोमीटर अंतर राखून तरंगत असते. माणसाचा केस हजारो नॅनोमीटर जाड असतो, यावरून हे अंतर किती सूक्ष्म असेल ते ध्यानी यावे. हे टोक एकदा बिघडून तबकडीवर टेकले, की पुढची प्रत्येक फेरी म्हणजे एक ओरखडा. ज्या ओरखड्याखाली आजीची ओवी होती, ती मग कोणत्याही विद्येने परत येत नाही. गृहस्थांनी तीनदा केलेली चालू-बंद किती महाग पडू शकते, हे त्यांना त्या वेळी कोण सांगणार?

उलट, जी वस्तू कोणी छेडली नाही, ती किती सोसून उरते याचे एक विलक्षण उदाहरण आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतताना टेक्सासच्या आकाशात भंगले. कर्नाळची कल्पना चावला आणि तिचे सहा सहकारी त्यात मृत्यू पावले. यानात झेनॉन वायूवरील एक प्रयोग होता. एका विशिष्ट अवस्थेत तो ढवळला असता त्याचा दाटपणा कसा बदलतो, हे पाहावयाचे होते. पृथ्वीवर वायूच्या स्वतःच्या वजनानेच ती अवस्था बिघडते, म्हणून हा खटाटोप अंतराळात केला होता. काही नोंदी उड्डाण चालू असतानाच खाली आल्या होत्या, उरलेल्या एका हार्डडिस्कवर होत्या. ती काही महिन्यांनी टेक्सासमधील एका आटलेल्या तळ्यात सापडली, तेव्हा धातूचा वितळलेला गोळाच भासत होती. तज्ज्ञांनी तिच्या तबकड्या काढल्या, रसायनाने धुतल्या आणि दुसऱ्या, सुस्थितीतील यंत्रात बसविल्या. तबकड्यांवर खड्डे होते खरे. परंतु डिस्क निम्मीच भरलेली होती आणि खड्डे रिकाम्या भागात पडले होते. सुमारे ९९ टक्के नोंदी हाती आल्या व त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याच यानातील आणखी दोन डिस्क तज्ज्ञांकडे आल्या होत्या. त्यांतून काहीही निघाले नाही. तेव्हा दैवाचा वाटाही नाकारता येत नाही.

घरच्या पेटीला अग्निदिव्य करावे लागत नाही. टक् टक् आवाज असेल तर ती तज्ज्ञाकडेच जावी; स्वयंपाकघराच्या मेजावर डिस्क उघडणे म्हणजे धुळीला आमंत्रण. आवाज नसेल, तर डिस्क बाहेर काढताना पहिली कोणती, दुसरी कोणती हे तिच्यावर लिहून ठेवावे. अशा बहुतेक पेट्यांची लिपी लिनक्सची असते; म्हणून ती डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडताच तो बहुधा म्हणतो, 'ही फॉरमॅट करावयाची काय?' तेथे निक्षून नाही म्हणावे. मग तिच्याहून मोठी, निरोगी डिस्क घेऊन तीवर मूळ डिस्कची अक्षरशः प्रतिकृती उतरवावी. 'जीएनयू डीडीरेस्क्यू' नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम हे काम मोठ्या शहाणपणाने करतो. सोपा भाग आधी उतरवतो, अडलेली जागा सोडून पुढे जातो, कोठे अडला ते टिपून ठेवतो आणि शेवटी त्या जागांकडे वळतो. चार टेराबाइटची धडधाकट डिस्क उतरावयासही सात-आठ तास लागतात. आजारी डिस्कला काही दिवसही लागतात. घरातील माणसे या काळात दर घटकेला येऊन 'झाले का?' असे विचारतात. पुढची सारी शोधाशोध मात्र त्या प्रतिकृतीवरच करावयाची; मूळ डिस्कला पुन्हा हात लावावयाचा नाही.

येथे कोणी विचारील, पेटीत दोन डिस्क होत्या, दोहोंवर तेच लिहिले जात होते, मग एवढा प्रसंग आलाच कसा? बहुधा असे झालेले असते, की एक डिस्क कित्येक महिन्यांपूर्वीच गेलेली असते. पेटीने तसे कळविलेलेही असते. परंतु तो निरोप अशा एका टपालपत्त्यावर जात राहिलेला असतो, की जो घरात कोणी उघडत नाही. शिवाय दोन डिस्क म्हणजे आरसा. एखादे छायाचित्र चुकून पुसले, तर आरशातूनही ते त्याच क्षणी पुसले जाते. दुसऱ्या गावी, दुसऱ्या घरात ठेवलेली प्रत ही गोष्ट निराळी.

प्रत उतरली, की घाईने जुनी डिस्क भंगारात देऊ नये. यादीत नाव दिसले म्हणजे फाइल वाचली असे होत नाही. काही छायाचित्रे निम्मी उमटतात आणि खालचा अर्धा भाग नुसता करडा असतो. म्हणून एकेक उघडून पाहावे, ओव्या शेवटपर्यंत ऐकाव्या आणि जे तुटलेले आढळेल त्याची नावे कागदावर लिहावी. तोवर ती जुनी डिस्क कापडात गुंडाळून, वर तारीख घालून, कपाटात असू द्यावी.